माशांचा रोग परत परत येत असेल तर: साधं ब्लीच आणि अँटीक्लोरीन

आमच्या गप्पींच्या टँकमध्ये कॉलमनॅरिस नावाचा रोग सारखा परत यायचा, पाठीवर पांढुरका पट्टा, तोंडाभोवती कापूस चिकटल्यासारखं आणि बघता बघता मासा तळाशी. दुकानात हे फंगस समजून निळं औषध (मिथिलिन ब्लू) देतात पण हा बॅक्टेरिया आहे हो, आणि पांढरे ठिपके म्हणजे ईक समजून हीटर वाढवला तर आणखी जोरात पसरतो कारण कॉलमनॅरिसला गरम पाणी मानवतं. ईक वेगळा, तो परजीवी, त्याला 30 डिग्री आणि मीठ चालतं, त्यासाठी टँक धुवायची गरज नाही, मासे नसतील तर कोमट पाण्यात तो थोड्याच दिवसांत आपोआप मरतो.

आता मुद्द्याचं. किराणा दुकानात मिळतं ते बिनवासाचं लिक्विड ब्लीच घ्या, फिनेल नको, सुगंधी नको, साबण मिसळलेलंही नको. 1 भाग ब्लीच 19 भाग पाणी, मासे आणि झाडं काढून काच, खडी, जाळी, सायफनचा पाईप सगळं 15 मिनिटं त्यात. मग भरपूर धुवून अँटीक्लोरीनच्या (म्हणजे सोडियम थायोसल्फेटच्या) जास्त डोसच्या पाण्यात ठेवायचं, क्लोरीनचा वास शिल्लक नसला पाहिजे, आणि शेवटी कडक उन्हात वाळवायचं. काचेवर किंवा सिलिकॉनवर डाग पडत नाही, मिथिलिन ब्लूने सिलिकॉन निळं होऊन बसतं ते तसंच राहतं. फिल्टरचा जुना स्पंज आणि लाकूड मात्र सरळ फेका, आत शोषलेलं क्लोरीन धुऊन जाईल याचा भरवसा नाही. आणि कृपया यात व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर घालू नका, विषारी वायू होतो, खिडक्या उघड्याच ठेवा.

एक खरी किंमत मोजावी लागते. चांगले बॅक्टेरियाही मरतात, त्यामुळे टँक पुन्हा सायकल करायला (म्हणजे हे बॅक्टेरिया परत वाढवायला) साधारण 4 ते 6 आठवडे, अमोनिया आणि नायट्राइट टेस्टमध्ये शून्य दिसल्याशिवाय मासे नकोत. वाचलेले मासे रोग घेऊन फिरू शकतात, त्यांना लगेच धुतलेल्या टँकमध्ये सोडलं तर सगळी मेहनत पाण्यात! वेगळ्या टबमध्ये ठेवा, नवीन मासेही तिथेच थोडे आठवडे. आणि माशांचा टीबी असल्याची शंका असेल तर या प्रमाणातल्या ब्लीचवर विसंबू नका, त्यावर 70 टक्के अल्कोहोल जास्त चालतं, तोच जंतू हाताच्या जखमेतून आपल्यालाही लागू शकतो, म्हणून हातमोजे घाला.

महागड्या बाटल्यांपेक्षा या जोडीला मी पाचपैकी साडेचार देईन. अर्धा गुण यासाठी कमी की ब्लीच उघडून ठेवलं की त्याचा जोर हळूहळू उतरतो, घरात जुनी बाटली असेल तर तारीख बघा आणि नवीच आणा.