टाटा-कमिन्स ६बीटीचा टॅपेट पुन्हा पुन्हा वाजतो: सेटिंग, हेडकाम, कॅम की दुसरं इंजिन?

टाटाच्या जुन्या १६१३ किंवा २५१५ ट्रकमध्ये कमिन्सचं ६बीटी इंजिन आहे आणि टॅपेट सेट करून, म्हणजे व्हॉल्व्हवरचा गॅप बसवून, महिना-दीड महिना होत नाही तोच टिकटिक परत येते. अशा वेळी गॅरेजमध्ये चार गोष्टी सुचवल्या जातात. पुन्हा सेटिंग करा, हेड उतरवा, कॅम आणि टॅपेट बदला, नाहीतर इंजिनच बदलून टाका. चौघांच्या खर्चात आणि गाडी उभी राहण्याच्या दिवसांत प्रचंड फरक आहे. बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला हेड काढायचा मिळतो, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळा तो घाईचा असतो.

हे इंजिन सगळी माहिती बाहेरूनच देतं. ५.९ लिटर, सहा सिलिंडर, १२ व्हॉल्व्ह, गियरवर फिरणारा कॅम, त्यावर सपाट तोंडाचे टॅपेट, मग पुश रॉड आणि व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर. हायड्रॉलिक काही नाही, रॉकर आणि व्हॉल्व्हमधला सगळा गॅप हाताने बसवायचा. प्रत्येक सिलिंडरच्या रॉकरवर वेगळं कव्हर असल्यामुळे ज्याचा संशय आहे तेवढंच उघडून बघता येतं. हेच इंजिन १९८९ पासून १९९८ पर्यंत अमेरिकेत डॉजच्या पिकअपमध्ये लागत होतं. त्यामुळे त्याचे गुणदोष जगभरच्या फिटरना पाठ आहेत.

आधी एक वही

गॅपचा आकडा इंजिनच्या प्लेटवर कोरलेला असतो. १२ व्हॉल्व्हच्या ६बीटीला इनटेक ०.२५ मि.मी. आणि एक्झॉस्ट ०.५१ मि.मी., तेही इंजिन थंड असताना. थंड म्हणजे रात्रभर उभी गाडी. जेवणाच्या सुट्टीपुरती थांबलेली गाडी यात येत नाही. टाटाच्या जुन्या ६९७ इंजिनावर हात बसलेला फिटर सवयीने एक्झॉस्टचा गॅप कमी ठेवतो. ६बीटीला तो घट्ट पडतो, म्हणून प्लेट त्याला दाखवाच.

सेटिंग झालं की बाराही गॅप वहीत लिहा आणि तीन-चार हजार किलोमीटर चालवून पुन्हा थंडीत मोजा. डॉजच्या वेळापत्रकात हे सेटिंग २४,००० मैलांनी, म्हणजे सुमारे ३८,००० किलोमीटरने होतं. तीन-चार हजारांत गॅप हलला असेल तर तिथे काहीतरी झिजतंय किंवा सरकतंय. तो कोणत्या दिशेला हलला यावरच पुढचा सगळा निर्णय उभा आहे.

गॅप वाढला असेल तर रोग व्हॉल्व्हच्या अलीकडे आहे: रॉकर, अॅडजस्टिंग स्क्रू, पुश रॉड, टॅपेट किंवा कॅम. गॅप कमी झाला असेल तर व्हॉल्व्ह सीटमध्ये (हेडमधली त्याची टेकायची कड) खाली बसत चालला आहे, म्हणजे रोग हेडमध्ये आहे. वाढलेला गॅप आवाज करतो. कमी झालेला गॅप गप्प असतो आणि म्हणूनच जास्त घातक ठरतो, कारण व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही, त्याची उष्णता सीटमध्ये उतरत नाही आणि तो जळतो. शांत झालेल्या इंजिनवर खूश होण्याआधी फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) घालून बघा.

आवाज खरंच टॅपेटचा आहे का, हेही याच वेळी तपासा. आयडलवर एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट जरासा ढिला केला की तो सिलिंडर मारायचा थांबतो. हात आणि डोळे लांब ठेवा, दाबाखालचं डिझेल कातडीत शिरतं. त्या सिलिंडरवर आवाज एकदम बदलला तर तो इंजेक्टरचा किंवा पिस्टनपिनचा असण्याची शक्यता जास्त. टिकटिक जशीच्या तशी राहिली तर वरचंच काम समजा.

नुसतं सेटिंग आणि वरचे सुटे भाग

हे सगळ्यात स्वस्त आणि अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि ज्याला खरंच एवढंच हवं असतं असे ट्रक पुष्कळ आहेत. वारंवार येणारा आवाज कित्येकदा झिजलेल्या रॉकरचा असतो. रॉकरच्या तोंडाला व्हॉल्व्हच्या दांड्याने खळगा पाडलेला असतो. फीलर गेजची पट्टी त्या खळग्यावरून पुलासारखी जाते आणि पट्टीला ०.५१ लागत असताना खरा गॅप त्याहून मोठा असतो. असा रॉकर दहा वेळा सेट केला तरी वाजणार. तो बदलायलाच हवा.

पुश रॉड काढून काचेवर लोळवा, वाकलेला असेल तर डोळ्यांना दिसतो. पण वाकला का, हे शोधल्याशिवाय नवा घालू नका. व्हॉल्व्ह गाईडमध्ये अडकतोय, की खंबाटकी किंवा कसारा उतरताना चुकीच्या गियरमुळे इंजिन मर्यादेबाहेर पळालं? एक्झॉस्ट ब्रेक (सायलेन्सरची वाट अडवून गाडी आवरणारा) असेल तर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगकडेही लक्ष द्या. ब्रेकच्या दाबाने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवरून उचलला जाऊ शकतो आणि थकलेली स्प्रिंग त्याला धरून ठेवत नाही. डॉजवाले या इंजिनाला एक्झॉस्ट ब्रेक लावताना कडक स्प्रिंग घालतात ते याचसाठी.

एक खबरदारी घ्या. ६बीटीत रॉकरचा स्टँड काढायचा तर त्यातून जाणारा हेडचा लांब बोल्टही सोडावा लागतो. तो परत ‘अंदाजाने’ आवळला की दोन महिन्यांनी हेडचं पॅकिंग जातं आणि दोष पॅकिंगवर येतो. टॉर्क रेंचने ९० न्यूटन-मीटर, लांब बोल्ट पुढे १२० पर्यंत आणि मग सगळ्यांना पाव फेरा. ज्या गॅरेजमध्ये टॉर्क रेंच नाही तिथे हे काम देऊ नका.

हेडकाम

गॅप कमी होत असेल, सकाळी स्टार्ट करताना निळा धूर येत असेल किंवा इंजिन कधी तापून बंद पडलं असेल, तर हेड उतरवणं योग्यच आहे. तरीही त्याआधी हवेची तपासणी करून घ्या. तो सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद) आणायचा, इंजेक्टरच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि कान लावायचा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर क्लीनरकडून आली तर इनटेक, ऑइल भरायच्या तोंडातून जोरात आली तर पिस्टनच्या रिंग. हवेने इंजिन फिरू शकतं, म्हणून चाकांना उटी लावा आणि पंख्यापासून दूर राहा.

रिंग गेलेल्या इंजिनावर नुसतं हेड करणं म्हणजे पैसे पाण्यात. वरून सीलबंद झालेलं इंजिन खालून आणखी जोरात श्वास टाकतं आणि सहा महिन्यांत तेच हेड पुन्हा उतरतं. तिथे एक तर खालचंही काम एकदम करायचं, नाहीतर शेवटचा पर्याय बघायचा.

हेड उतरलंच तर मशीन शॉपमध्ये प्रेशर टेस्ट आधी, बाकी सगळं नंतर. दोन सीटच्या मधल्या पट्टीत तडा असेल तर नवे गाईड आणि सीट घालून ग्राइंडिंग केल्याचे पैसे वाया जातात. व्हॉल्व्ह हेडच्या पातळीपासून किती आत बसलाय हे मोजून घ्या. सीट ग्राइंड करकरून व्हॉल्व्ह जास्त आत गेला असेल तर सीट बदलायला सांगा. गाईड झिजलेले ठेवून फक्त लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासणं) करून देणारे भेटतात, पण असलं काम टिकत नाही, कारण डुगडुगणारा व्हॉल्व्ह नवी सीट पुन्हा वाकडी खातो.

मशीन शॉप मोकळं असेल तर तीन-चार दिवसांत गाडी परत रस्त्यावर येते.

कॅम आणि टॅपेट

हा निर्णय सगळ्यात जास्त टाळला जातो, आणि टाळल्यामुळे सगळ्यात महाग पडतो. कॅमचं नाक (टॅपेटला उचलणारा उंचवटा) झिजलं तरी गॅप बरोबर दाखवतो, कारण गॅप कॅमच्या गोल भागावर मोजतात. म्हणून वहीत सगळं ठीक आणि चढावर मात्र दम नाही, काळा धूर जास्त, असं होतं. एक्झॉस्टचं नाक सपाट झालं की जळका वायू पुरता बाहेर पडत नाही आणि इनटेक उघडताच उलटा जातो. एअर क्लीनरमधून खोकल्यासारखा आवाज येतो.

यासाठी दोन तपासण्या आहेत आणि दोन्हीला हेड काढावं लागत नाही. इंजिन हळूहळू फिरवत डायल गेजने पुश रॉड किती उचलला जातो ते मोजा. सहाही इनटेक एकमेकांशी आणि सहाही एक्झॉस्ट एकमेकांशी ताडून बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा स्पष्ट कमी उचलत असेल तर कॅम गेला. दुसरी, कव्हर काढून आयडलवर पुश रॉड निरखा. चांगला टॅपेट फिरत असतो, त्याच्यासोबत पुश रॉडही फिरतो. जो एकाच जागी वरखाली होतोय, त्याचा टॅपेट अडकलाय किंवा तोंडाला खाल्लाय. जोडीला ऑइल फिल्टर कापून घड्या उलगडा. चुंबकाला चिकटणारी बारीक चमक तिथे असली तर आता हे काम पुढे ढकलू नका, कारण तीच चमक बेअरिंगांमधून फिरते आहे.

६बीटीचे टॅपेट छत्रीच्या आकाराचे आहेत, खालूनच बसतात. वरून काढता येत नाहीत. कॅम पुढून ओढायचा तर टॅपेट वर धरून ठेवावे लागतात, नाहीतर ते खालच्या ऑइल चेंबरमध्ये पडतात. त्यामुळे आपल्याकडे बहुतेक जण इंजिन खाली घेऊनच हे करतात. आठवडाभर गाडी उभी राहणार हे गृहीत धरा. नवा कॅम जुन्या टॅपेटवर कधीच घालू नका. झिजलेलं तोंड नव्या नाकाला लगेच खातं. पूर्ण सेट बदला आणि ओरिजिनलच घ्या. स्वस्तातला माल या जागी टिकत नाही.

टायमिंग गियरचं कव्हर उघडलेलं असताना गियर हाउसिंगमधली बारीकशी डॉवेल पिन बघून घ्या. ती कंपनाने सरकून गियरमध्ये पडते. अमेरिकेत तिला ‘किलर डॉवेल पिन’ म्हणतात आणि तिने फोडलेली इंजिनं अनेक आहेत. पत्र्याची छोटी पट्टी बोल्टखाली दाबून ती अडवता येते. खर्च जवळजवळ काही नाही.

दुसरं इंजिन

रिंगही गेल्या, कॅमही गेला, क्रँक घासून घासून शेवटच्या मापावर आला, अशा वेळी याचा हिशेब बसतो. कुर्ल्याच्या बाजारातलं उतरवलेलं इंजिन स्वस्त वाटतं, पण त्याचा कॅम कोणी बघितलेला नसतो. घेण्यापूर्वी कॅमच्या त्या दोन्ही तपासण्या त्याच्यावर करू देणाऱ्याकडूनच घ्या. बिल पक्कं असावं, कारण नवा इंजिन नंबर आरटीओत आरसीवर चढवावा लागतो. तो न चढवता गाडी फिटनेसला नेली तर तिथेच अडकते. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी आहे, म्हणजे हा प्रश्न लवकरच दारात येणार.

माझी निवड विचाराल तर: गॅप वाढतोय आणि सगळे पुश रॉड सारखेच उचलले जातायत, तर रॉकर आणि पुश रॉड बदलून थांबा. गॅप घटतोय आणि रिंग चांगल्या आहेत, तर हेड. एकाचीही उचल कमी आहे, तर हेडवर एक रुपयाही घालण्याआधी कॅम. गॅप घटतोय आणि उचलही कमी आहे, आणि गाडी अजून चार-पाच वर्षं चालवायची असेल, तर इंजिन एकदाच खाली घ्या आणि दोन्ही कामं एका वेळेला करा. वर्षा-दीड वर्षात गाडी विकायची असेल तर कॅमच्या खर्चात पडू नका, पण घेणाऱ्याला ती वही दाखवा.