मरीन प्लाय सांगून भुशाचा बोर्ड लावला: किचन करून घेणाऱ्यांनी वाचा

२,७५,००० रुपये. आकडा आधीच लिहिते, म्हणजे 'एवढं काय झालं' म्हणणाऱ्यांची तोंडं बंद होतील. जुळे सोलापुरातल्या आमच्या घराचं किचन नवं करायला एका मॉड्युलरवाल्याला हे पैसे मोजले आणि वर्ष व्हायच्या आत सिंकखालचं कपाट फुगून त्याचं दार लागेनासं झालं. नाव लिहीत नाही, वकिलांनी बजावलंय.

हिशेब असा. ५०,००० टोकन, ऑनलाइन. १,२०,००० माल उतरला त्या दिवशी, रोख. १,०५,००० दारं बसवायच्या आधी, त्यातले ६५,००० पुन्हा रोख. ठरले होते २,८६,०००. राहिलेले ११,००० त्याच्या घशात गेले नाहीत, तेवढंच. रोख का दिले असं विचारणारे विचारतीलच. 'पक्कं बिल केलं तर वर १८ टक्के जीएसटी लागेल ताई' असं ऐकल्यावर पक्कंच बिल द्या म्हणणारी किती घरं आहेत आपल्याकडे?

आणि मी काही डोळे मिटून गेले नव्हते. चकचकीत पांढरं ॲक्रिलिक मला नकोच होतं, रोज भाकऱ्या बडवणाऱ्या घरात त्यावर पिठाचे हात उठून दिसतात. लाकडी लूक हवा होता. वॉलनट शेड, मॅट, बोट फिरवलं की रेघा जाणवतील असं. काउंटरवरचा नमुना अस्सल होता: मरीन प्लाय, म्हणजे ओलीत टिकणारं प्लायवुड, वर १ एमएमचं लॅमिनेट, हातात धरला तर जड. मी स्पष्ट सांगितलं, आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी पिंप, घागरी, कळश्या भरताना खालची फरशी ओली होणारच. त्यावर हा म्हणतो, "ताई, हे बोटीला वापरतात, तुमच्या पिंपाचं काय घेऊन बसलात!" व्हॉट्सॲपवर लिहूनही दिलं: १८ एमएम, आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक), १ एमएम लॅमिनेट. ग्राहकानं याहून जास्त काय करायचं?

माल आला तो कापून, चारी कडांना एज बँड, म्हणजे कड झाकणारी पट्टी, मारून. सगळा खेळ तिथंच. कड उघडी असली तर पोरालाही कळतं: प्लायला खारीसारखे थर असतात, पार्टिकल बोर्डात नुसता डिंकानं दाबलेला चुरा. म्हणून कडा आधीच बंद. साइटवर माल न कापणाऱ्याला आधी एक फळी तुमच्यासमोर कापायला लावा. कुरकुरला तर तिथंच नमस्कार करा.

आता तो क्षण, जो आठवला की अजून रात्री झोप उडते. मिस्त्री सिंकच्या पाइपासाठी बाजूच्या फळीला भोक पाडत होता. मी चहाचा ट्रे घेऊन शेजारी उभी. ड्रिल आत गेलं आणि धूळ उडाली ती थेट कपांवर बसली. फिकट, कोरडी, मधूनमधून बारीक कपचे. भोकाची कड हाताला भुरभुरली. "अहो, प्लायचं असं पडतं का?" मी विचारलं. मिस्त्रीनं मालकाच्या पोराकडे पाहिलं. पोरगं म्हणालं, "काकू, एचडीएचएमआर आहे, प्लायपेक्षा वरचं." मिस्त्री काही बोलला नाही, चहाही न घेता पुढच्या भोकाला लागला. मी लगेच मोबाइलवर शोधलं. एचडीएचएमआर नावाचा बोर्ड खरंच असतो, ओलीत बरा टिकतो असं लोक सांगतात. तो दाट आणि एकजीव असतो, नखानं भुरभुरत नाही, हे मात्र तेव्हा कोणी सांगितलं नाही. ओटा उकरलेला, गॅस बाहेरच्या खोलीत, सासूबाईंचं पथ्याचं जेवण, गड्डा यात्रेला यायचे म्हणून पाहुण्यांचे फोन. अशा वेळी काम थांबवा म्हणणं सोपं असतं होय?

दुसरी खूण दारांवरच होती. दारांच्या रेघा उभ्या, ड्रॉवरच्या काही आडव्या काही उभ्या, कारण तुकडे फिरवून कापले की शीट कमी लागते. लॅमिनेट म्हणजे छापील डिझाइनच, पण रेघांची दिशा ठरवूनच कापायची असते. आणि मीच ते किचन संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांना हौसेनं दाखवलं. जाऊबाई परवा हसून म्हणाल्या, "तुमचं वॉलनट बाळसं धरतंय." ऐकून घेतलं.

माळ्यावर एक कापलेला तुकडा पडला होता. रात्रभर बादलीत ठेवला. सकाळी पट्टी लावली तर १८ एमएमचा २५ एमएम, आणि बोटानं दाबला तर पाणी आणि भुसा. त्याला फोटो पाठवला. उत्तर: "तुम्ही पाणी सांडता." नंतर ब्लॉक. वॉरंटी कार्ड वाचलं तर ते फक्त वरच्या लॅमिनेटचं, आतल्या बोर्डाचं नाहीच. कार्ड आधी वाचा, मग पैसे.

पोलीस ठाण्यात गेले तर "हे सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक आयोगात जा." आम्ही टीव्ही चोरीला गेल्याची तक्रार करत नव्हतो हे मान्य, पण एक दाखवून दुसरं विकणं ही फसवणूक नाही, तर काय प्रसाद आहे? अर्ज तरी घ्या म्हटलं, तर साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्या एका कचेरीतला बाबू म्हणाला, "कच्चं बिल तुम्हीच घेतलंत ना?" म्हणजे कर बुडवणारा मोकळा आणि उलटतपासणी माझी! तिसऱ्या ठिकाणी अर्ज स्वीकारला, पोच दिली आणि मग 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे' असा मेसेज. काय निकाली काढलं? माझं कपाट अजून फुगलेलंच आहे. फोन केला तर ज्यानं उचलला त्याला विषय माहीत नाही, ज्याला माहीत तो रजेवर.

वकील म्हणतात, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगात जायचं. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, पण २ वर्षांच्या आत दाखल करावी लागते. तेव्हा फोनवर गोड बोलत वेळ काढणाऱ्याच्या नादी लागू नका. व्हॉट्सॲपचं ते वाक्य हाच माझा मोठा पुरावा आहे. चॅट पुसू नका, बॅकअप घ्या. खऱ्या मरीन प्लायच्या शीटवर आयएसआयचा शिक्का आणि सीएम/एल नंबर (परवान्याचा क्रमांक) असतो, तो बीआयएसच्या (आयएसआय शिक्का देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) बीआयएस केअर ॲपवर टाकला की परवाना कोणाचा ते कळतं; म्हणून अख्ख्या शीट घरी उतरवून फोटो काढा, वर लॅमिनेट चिकटलं की शिक्का गेला. शेवटचा मोठा हप्ता दारं बसल्यावर, आधी नाही. सिंकखाली तर लाकडाच्या नादी लागूच नका, स्टीलचं किंवा ग्रॅनाइटच्या फळ्यांचं करा. आमच्या आईच्या कडप्प्याच्या ओट्याला काही झालं नव्हतं.

तक्रारीसोबत बोर्ड कशाचा आहे याचा जाणकाराचा लेखी अहवाल लावायचाय. ज्या सुतारांना विचारलं ते सगळे तोंडी "भुसाच आहे" म्हणतात आणि लिहून द्यायची वेळ आली की व्यवसायबंधू आठवतात. सोलापुरात असं तपासून लिहून देणारं कोणी माहीत असेल तर कळवा. फी देईन, पण पक्क्या पावतीवर.