टामिया टीटी-०२ : पुढच्या सस्पेन्शनला हात लावण्याआधी टायर पाहा

शिझुओकाच्या टामिया कंपनीने २०१३ साली बाजारात आणलेली टीटी-०२ ही एक दशांश प्रमाणातली चासी, म्हणजे बॉडीखालचा सांगाडा, आजही अनेकांची पहिली आरसी (रिमोटवर चालणारी) टूरिंग गाडी ठरते. गेली दोन वर्षे मी ती दर रविवारी सकाळी पिंपरी-चिंचवडमधल्या एका कारखान्याच्या रिकाम्या पार्किंगमध्ये चालवतो आहे. बागेला पाणी घालायचे जुने पाइप अंथरून आम्ही चारपाच जण तिथे ट्रॅक आखतो, आधी झाडू मारतो आणि मग घड्याळ लावून शर्यती लावतो. गाडीच्या दिसण्याविषयी किंवा वरच्या बॉडीविषयी मला येथे काही लिहायचे नाही. वळणात तिचे नाक आपण नेऊ तिथे जाते का, आणि जात नसेल तर पैसे नेमके कशावर घालावेत, एवढ्यापुरताच हा अभिप्राय आहे.

गाडीची रचना साधी आहे. प्लास्टिकची टबासारखी चासी, मधून जाणारा शाफ्ट, चारही चाकांना ताकद, पुढेमागे डबल विशबोन सस्पेन्शन (प्रत्येक चाक एका वरच्या आणि एका खालच्या आर्मवर, म्हणजे दांड्यावर, धरलेले) आणि दोन्हीकडे बंदिस्त गिअर डिफरन्शिअल, म्हणजे वळणात डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा भाग. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर) २५७ किंवा २५१ मिलीमीटर ठेवता येतो आणि किटमधल्या २२ दातांच्या पिनियनवर (मोटरवरच्या लहान गिअरवर) एकूण गिअर गुणोत्तर ८.२७ येते, जे साध्या ५४० मोटरला मानवते. रिमोट, सर्वो (पुढची चाके वळवणारी छोटी मोटर), बॅटरी आणि चार्जर वेगळे घ्यावे लागतात, हे नव्या माणसाने हिशेबात धरावे. किंमत कमी ठेवण्यासाठी कुठे हात आखडला आहे, हे मात्र पुढच्या भागात स्पष्ट दिसते : मूळ किटमध्ये वरचे आर्म ठरावीक लांबीचे असल्यामुळे कॅम्बर, म्हणजे समोरून पाहताना चाकाचा आत-बाहेर कल, बदलता येत नाही, आणि डँपरमध्ये (चाकाचे धक्के शोषणाऱ्या नळीत) तेल नसून नुसती स्प्रिंग व प्लास्टिकचे घर्षण असते.

या घर्षणाच्या डँपरवर गाडी बसवली की ती सपाट फरशीवर शहाण्यासारखी वागते. डांबरावरच्या पहिल्याच खडबडीत पट्ट्यावर मात्र पुढची चाके उड्या मारू लागतात आणि हवेतल्या चाकाला दिशा देता येत नाही. म्हणून तेलाचे डँपर ही चैन नसून गरज आहे. टामियाचेच प्लास्टिकचे सीव्हीए डँपर या गाडीला पुरतात. त्यांना आटे नसतात, स्प्रिंगखाली लहानमोठे स्पेसर अडकवून गाडीची उंची ठरवावी लागते, आणि ॲल्युमिनियमच्या डँपरांची सवय असलेल्यांना हे काम किचकट वाटते. मला ते उलट बरे वाटले, कारण डावा-उजवा स्पेसर एकच असला की दोन्ही बाजू आपोआप सारख्या राहतात. तेल भरल्यावर पिस्टन सावकाश वरखाली करून बुडबुडे वर येऊ द्यावेत आणि दहा मिनिटे डँपर उभा ठेवावा. घाई केली की एका बाजूचा डँपर मऊ लागतो आणि गाडी डावीकडे एक, उजवीकडे दुसरे वागते.

डँपर लावण्याआधी एक चाचणी करावी, जी मी पहिल्या वेळी केली नाही. डँपर काढून गाडी हातात उचलावी, पुढचा आर्म बोटाने वर न्यावा आणि सोडून द्यावा. तो स्वतःच्या वजनाने टपकन खाली पडला पाहिजे. माझा उजवा आर्म अर्ध्यावरच थांबत असे, कारण आर्म ज्यांवर फिरतो ते स्टेप स्क्रू मी हौसेने गच्च आवळले होते. पाव फेरा सैल केल्यावर आर्म पडू लागला. हा पाव फेरा फुकटचा आहे आणि निळ्या ॲल्युमिनियमच्या कोणत्याही सुट्या भागापेक्षा त्याचा फरक मला अधिक जाणवला.

स्टिअरिंगमध्ये थोडी ढिलाई असते, हे ही गाडी वापरणारे सगळे जाणतात. ती घालवण्यासाठी स्टिअरिंगचा सुधारित संच मिळतो, पण त्याआधी सर्वो सेव्हर (धक्क्यापासून सर्वोला वाचवणारा, सर्वोवरचा स्प्रिंगचा जोड) बदलावा, कारण किटमधला प्लास्टिकचा सेव्हर मऊ असल्याने सर्वो वळतो तेवढे चाक वळत नाही. कडक स्प्रिंगचा सेव्हर घातल्यावर गाडी मध्यावर नीट परत येऊ लागली आणि मग टो, म्हणजे वरून पाहताना चाकांचा आत किंवा बाहेर वळलेला कोन, मोजण्यात अर्थ उरला. टो मोजायला माझ्याकडे सेटअप स्टेशन नाही. शंभर मिलीमीटर लांबीच्या दोन ॲल्युमिनियमच्या पट्ट्या मी रबर बँडने पुढच्या दोन्ही चाकांवर बसवतो आणि पट्ट्यांच्या पुढच्या व मागच्या टोकांमधले अंतर व्हर्नियरने मोजतो; प्रत्येक चाकाला अर्धा अंश टो-आउट (चाकांची पुढची कड बाहेर वळलेली) असेल, तर पुढचे अंतर मागच्यापेक्षा सुमारे पावणेदोन मिलीमीटर जास्त येते. पार्किंगच्या वॉचमनकाकांनी एकदा हे सारे बराच वेळ पाहिले आणि शेवटी विचारले, “सर, गाडी चालवणार कधी?” प्रश्न रास्त होता.

अर्धा अंश टो-आउटने गाडी वळणात चटकन शिरते, पण सरळ पट्ट्यात किंचित डुलते. एक अंश केल्यावर ती इतकी अस्वस्थ झाली की लांब पट्ट्यावर हात सतत रिमोटच्या चाकावर ठेवावा लागला. आमच्या पंचवीस मीटरच्या ट्रॅकवर अर्धा अंश पुरेसा आहे.

आता टायरांविषयी, कारण या गाडीच्या पुढच्या भागाबद्दल मी जे काही शिकलो ते टायरांनी शिकवले. किटमधले साधे टायर शिकण्यापुरते ठीक आहेत. शर्यतीसाठी आत फोम असलेले, पट्टा घातलेले आणि रिमवर चिकटवूनच येणारे टायर घ्यावेत, कारण पट्टा नसलेला टायर वेगात फुगतो आणि मधल्या अरुंद पट्टीवरच चालतो. या टायरांवर बहुधा २४, २८, ३२, ३६, ४० असे आकडे असतात. लहान आकडा थंड हवेसाठी आणि मोठा आकडा उन्हासाठी, इतके समजले तरी निवड निम्मी सोपी होते.

मी गेल्या एप्रिलमध्ये एका ऑनलाइन दुकानातून ३६ आकड्याचा संच मागवला. पाकिटावर ३६ लिहिले होते, पण आतल्या टायरच्या भिंतीवर बारीक अक्षरांत ३२ होते आणि ते मी पाहिले नाही. सकाळी साडेसातला गाडी अप्रतिम चालली. साडेदहा वाजता, डांबर तापल्यावर, तिसऱ्या मिनिटानंतर पुढची पकड सुटायची आणि गाडी प्रत्येक वळणात बाहेरच्या पाइपाकडे ओढली जायची. मी त्याचा दोष सस्पेन्शनला दिला. पुढच्या दोन रविवारी मी स्प्रिंगा पिवळ्याच्या लाल केल्या, म्हणजे मध्यमाच्या मऊ, तेल बदलले, टो बदलला, उंची एक मिलीमीटर कमी केली. प्रत्येक बदलाने पहिली दोन मिनिटे सुधारायची आणि तिसरे मिनिट पूर्वीसारखेच घसरायचे. पकड जर ठराविक वेळानंतर जात असेल, तर ती भूमितीची नव्हे, तापमानाची तक्रार असते, हे मला तेव्हा सुचायला हवे होते. शेवटी एका मित्राने धावून आलेल्या गाडीच्या टायरवर बोट घासले. बोटाला काळी, चिकट, लोण्यासारखी पुटे आली. त्यानेच भिंतीवरचा आकडा वाचून दाखवला. दुकानाने संच बदलून दिला नाही, आणि पाकीट फोडलेले असल्यामुळे मी फार भांडूही शकलो नाही.

३६ चे टायर आल्यावर मी सगळे सस्पेन्शन मूळ ठेवणीवर नेले आणि त्याच ट्रॅकवर, त्याच उन्हात गाडी पाचही मिनिटे सारखी चालली. तेव्हापासून माझ्या पेटीत इन्फ्रारेड थर्मामीटर असतो. सकाळी साडेसातला डांबर ३१ अंश, साडेदहाला ४७ अंश, असे आकडे वहीत लिहिलेले असले की कोणता संच कधी चढवायचा यावर चर्चा उरत नाही. टायर दर फेरीनंतर ओल्या फडक्याने पुसावेत, कारण आमच्याकडची धूळ कोणत्याही रबरापेक्षा चिवट आहे.

पकड वाढल्यावर नवीच अडचण येते, ती म्हणजे गाडी वळणात घसरण्याऐवजी कलंडते. यावर उपाय जुना आणि स्वस्त आहे : पुढच्या टायरच्या बाहेरच्या भिंतीला पातळ सायनोॲक्रिलेट गोंदाचा (सुपरग्लूचा) थर द्यावा. गोंद सुकला की ती कड कडक होते, जमिनीत रुतत नाही आणि टायर थोडा सरकून गाडी चारही चाकांवर राहते. गोंद टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर ओघळू देऊ नये. तसे झाले तर तो टायर गेलाच म्हणायचा.

टायर जागेवर असले की मगच पुढच्या सस्पेन्शनचे बदल बोलू लागतात. माझ्या अनुभवात सर्वांत मोठा फरक ड्रूपचा, म्हणजे आर्म किती खाली लोंबतो याचा आहे. पुढचे आर्म फार खाली जात असतील, तर थ्रॉटल दिल्यावर नाक उचलले जाते, वजन मागे जाते आणि वळणातून बाहेर पडताना गाडी रुंद होते. सीव्हीए डँपरच्या आत शाफ्टवर एक मिलीमीटरचा स्पेसर घातला की आर्म तेवढा कमी लोंबतो. पुढच्या दोन्ही डँपरांत तो घातल्यावर वळणाबाहेर पडताना माझी गाडी आतल्या बाजूला राहू लागली. स्प्रिंगांच्या बाबतीत मी पुढे पुन्हा पिवळ्यावर आलो. लाल मऊ स्प्रिंगांनी पुढची पकड वाढते हे खरे, पण डावे-उजवे झटपट बदलायचे असते तिथे गाडी उशिरा ऐकते. चासीची जमिनीपासूनची उंची सहा मिलीमीटर. गुळगुळीत ट्रॅकवर पाच चालेल, आमच्या भेगांवर चालत नाही.

कॅम्बरसाठी वरचे आर्म लांबी बदलता येणारे घ्यावे लागतात, आणि हा खर्च करावा असे माझे मत आहे. किती अंश ठेवायचा हे टायरच सांगतो : दोन-तीन बॅटऱ्यांनंतर आतली कड जास्त झिजलेली दिसली तर उणे कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कललेला) जास्त झाला, बाहेरची झिजली तर कमी पडला. दीड अंशावर माझे टायर आडवे सारखे झिजतात. पुढच्या डिफरन्शिअलमध्ये मी दाट ग्रीस भरले आहे. त्याने वळणातून बाहेर येताना आतले चाक रिकामे फिरत नाही.

तेव्हा किट घेताना सोबत ११×५ मिलीमीटरची बॉल बेअरिंग, तेलाचे डँपर, कडक सर्वो सेव्हर आणि दोन वेगळ्या आकड्यांचे टायर घ्यावेत. या सगळ्याचा खर्च किटच्या निम्म्याच्या आसपास जातो. ॲल्युमिनियमचे स्टिअरिंग, मोटर माउंट, कार्बनचे काही, हे सारे वर्षभर नंतर पाहावे. ज्यांना पहिल्या दिवसापासून कॅम्बर हाताशी हवा आहे त्यांनी मूळ टीटी-०२ घेऊन तिला हळूहळू सजवण्याऐवजी टीटी-०२ टाइप-एस पाहावी, कारण तिच्यात वेगळ्या प्रकारचे आर्म, बदलता येणारे वरचे आर्म आणि तेलाचे डँपर किटमध्येच येतात. टायर मात्र तिलाही वेगळेच घ्यावे लागतील, आणि ते घेताना पाकीट नव्हे, टायरची भिंत वाचावी.