६८ इंची लाकडी रिकर्व्ह, आणि त्याआधी घेतलेलं ५८ इंची

सहा महिने वापरून मग लिहितोय. सातारला आर्चरीचं वातावरण आहे हे सगळ्यांना माहितीय, २०२३ ला अदिती स्वामी बर्लिनला वर्ल्ड चॅम्पियन झाली, त्याच वर्षी पार्थ साळुंखेनं युवा गटात रिकर्व्हचं (टोकं पुढं वळलेलं धनुष्य) गोल्ड मारलं, तेव्हापासून माझ्याही डोक्यात होतं. पण मला साइट (नेम धरायची खूण), स्टॅबिलायझर (तोल सांभाळायचा दांडा) वगैरे काही नको होतं, साधं लाकडी धनुष्य पाहिजे होतं. मग व्हिडिओ बघत बसलो, त्यातले बहुतेक अमेरिकेतल्या शिकारीचे. ते लोक ५८-६० इंचाचं आखूड धनुष्य वापरतात, म्हणून मीपण ऑनलाइन ५८ इंची, ३० पाउंडाचं (दोरी २८ इंच ओढल्यावर लागणारा जोर) मागवलं.

धनुष्य दिसायला एक नंबर. पण माझी उंची ६ फूट. पूर्ण ओढलं की दोरीचा कोन एवढा टोकदार व्हायचा की तीन बोटं आत चेपली जायची, नॉक (बाणाच्या मागची दोरीत बसणारी खाच) चिमटल्यासारखा व्हायचा आणि बाण कधी डावीकडं कधी उजवीकडं. शेवटच्या दीड इंचात तर भिंत लागल्यासारखं जड व्हायचं, याला स्टॅकिंग म्हणतात हे नंतर कळलं. साधारण एका इंचाला दोन-अडीच पाउंड वाढायला पाहिजेत, तिथं शेवटी शेवटी चार-पाच वाढतात. महिनाभर मला वाटलं माझाच फॉर्म चुकतोय, बोटांना घट्टे पडले तरी दामटत राहिलो.

शेवटी इथल्याच एका दुकानात धनुष्य घेऊन गेलो. दुकानदारानं धनुष्याकडं नंतर बघितलं, आधी म्हणाला, "दादा, हात पसरा." एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत ७३ इंच भरले. त्याला अडीचनं भागायचं, आले २९ च्या जरा वर. ही झाली अंदाजे ड्रॉ लेंथ, म्हणजे आपण दोरी किती मागं ओढतो ते माप. मग हलकं धनुष्य ओढायला लावून पुन्हा मोजली, तेवढीच आली. म्हणाला २८-३० ड्रॉला ६८ इंच घ्या, २६-२८ ला ६६, त्याच्याखाली ६४ किंवा ६२, आणि ३० च्या वर गेलं तर ७०. त्यानं ६२ पण ओढून बघायला दिलं, ५८ पेक्षा बरंच बरं होतं, पण ६८ हातात घेतलं आणि हनुवटीपर्यंत दोरी लोण्यासारखी आली. तिथंच ठरलं.

शिकारीवाल्यांचं आखूड धनुष्य चुकीचं नाही, त्यांना झुडपात बसून किंवा झाडावरच्या मचाणावरून मारायचं असतं, लांब लिंब (धनुष्याची वरची-खालची वाकणारी पट्टी) फांदीला अडकतं. शिवाय आखूड धनुष्य वजनाला हलकं. आपल्याकडं शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंच बंदी, आपण उघड्यावर टार्गेटला मारणार, मग अडचण सोसायची कशाला? लांब धनुष्य सोडताना हात जरा हलला तरी माफ करतं. घरी विचारत होते की अदितीचं धनुष्य तर छोटं दिसतं, तर ते कंपाउंड आहे, त्याला चाकं असतात आणि दोरी बोटांनी नाही, रिलीज नावाच्या हातातल्या छोट्या यंत्रानं सोडतात, त्यामुळं बोटं चेपायचा प्रश्नच नाही.

आता ६८ बद्दल. लाकडी रायझर (हातात धरायचा मधला भाग), लिंब स्क्रूनं सुटतात, मोडून बॅगेत बसतं. पाउंडेज ३० च ठेवलं आणि तेच बरोबर झालं, तासभर मारलं तरी खांदा भरून येत नाही. कोरेगावकडं चुलतभावाच्या रानात कडब्याच्या पेंढ्या घट्ट आवळून टार्गेट केलंय, मागं मातीचा उंच बांध. १८ मीटरवर ६ पैकी ४-५ बाण थाळीएवढ्या जागेत बसतात, ५८ नं हे कधीच झालं नव्हतं.

तक्रारी दोन. ग्रिप माझ्या हाताला जाड आहे, पॉलिश पेपरनं थोडी घासली. आणि स्ट्रिंगर (दोरी चढवायचा पट्टा) सोबत येत नाही, वेगळा घ्यावा लागला, पण घ्याच, पायात अडकवून दोरी चढवली तर लिंब पिळतं. जादा दोरी घेताना एक लक्षात ठेवा, रिकर्व्हवर ६८ लिहिलंय म्हणून ६८ ची दोरी नाही, चार इंच कमी, म्हणजे ६४ ची लागते. दुकानात '६८ च्या धनुष्याची दोरी' असंच सांगा. मारून झालं की मी दोरी उतरवतो आणि उन्हाळ्यात गाडीत अजिबात ठेवत नाही.

ते ५८ इंची पडून होतं ते भाचीला दिलं. वय १३, हात पसरून ६० इंच, म्हणजे ड्रॉ २४. तिच्या ड्रॉला ते जेमतेम २० पाउंड भरतं आणि दोरीचा कोनही छान उघडा राहतो. पहिल्याच रविवारी म्हणाली, "मामा, हे मला अगदी बरोबर बसतंय."