पहिली प्राइम लेन्स घेताय? ५० एमएम एफ १.८ चा माझा अनुभव

वर्षभर वापरतोय ही लेन्स आणि मनापासून सांगतो, किट लेन्सनंतर (कॅमेऱ्यासोबत येते ती) काय घ्यायचं असा प्रश्न असेल तर हीच घ्या. प्राइम म्हणजे झूम नाही, त्यामुळे स्वतःच पुढे-मागे सरकावं लागतं आणि तिथंच फ्रेमिंग कळायला लागतं.

पण एक चूक मी कितीतरी महिने केली, बॅकग्राउंड मस्त ब्लर होतंय म्हणून सगळंच एफ १.८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून काढायचो. भाचीचा अगदी जवळून फोटो काढला, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर एकदम भारी दिसला, घरी येऊन मोठा करून बघतो तर नाकाचा शेंडा शार्प आणि डोळे धूसर! इतक्या जवळून एफ १.८ वर फोकसमध्ये राहणारा भाग जेमतेम सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरचा असतो हो. आता एफ २.८ किंवा ४ (छिद्र थोडं लहान) ठेवतो, फोकस पॉइंट स्वतः निवडून जवळच्या डोळ्यावर, आणि फोटो लगेच झूम करून तपासतो.

दुसरं म्हणजे शटर स्पीड, शटर किती वेळ उघडं राहतं ते. माझ्या लेन्सला स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही आणि क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) ती साधारण ७५ एमएमसारखी वागते, म्हणून हातात धरून १/८० सेकंदापेक्षा हळू जात नाही, पोरं पळत असतील तर १/२५० किंवा त्याहून जास्तच. त्यासाठी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवावा लागला तर बिनधास्त वाढवा, थोडा नॉइज (दाणेदारपणा) चालतो, हललेला फोटो मात्र गेलाच.

लहान खोलीत ग्रुप फोटो मावत नाही, तेवढी अडचण आहे.