स्टिल ०३८: जुना चेनसॉ पुन्हा उभा करून एक हंगाम चालवल्यानंतर

जुना चेनसॉ माळ्यावर पडून असेल आणि गॅरेजवाला "आता याचे पार्ट येत नाहीत" म्हणत असेल, तर भंगारात घालण्याआधी हे वाचा. स्टिल कंपनीचं ऐंशीच्या दशकात गाजलेलं ०३८ मॅग्नम मी गेल्या दसऱ्याच्या सुमारास पुन्हा चालू केलं आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत बागेत भरपूर राबवलं. माझं मत पक्कं झालंय. या मशीनचे चालण्यासाठी लागणारे जवळजवळ सगळे पार्ट आजही नवे मिळतात. अडतं ते फक्त नेमकं काय मागायचं हे माहीत नसल्यामुळे.

आमचा भाग श्रीवर्धनचा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात माड-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. रस्ते आणि घरं मोकळी करायला लोकांनी मिळेल ते मशीन आणलं. त्यातली बरीचशी स्वस्त चिनी मशीन आज पडव्यांमधून बंद पडलेली दिसतात. त्यांचे पार्ट तालुक्याच्या कृषी अवजारांच्या दुकानातही लटकलेले असतात, अख्खा कार्बोरेटर बदलायलाही फार खर्च येत नाही, त्यामुळे तीही टाकून देण्यासारखी नाहीत. पण फणसाचा किंवा ऐनाचा जाड बुंधा कापायचा तर ७२ सीसीचं मशीन वेगळंच. मला हे एका बंद होणाऱ्या वखारीच्या मालकांकडून मिळालं. पिस्टन पकडलेला, म्हणजे सिलिंडरमध्ये घट्ट अडकलेला, पेट्रोलचा पाइप विरघळून चिकट झालेला. क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं धातूचं कवच, मात्र शाबूत होती, आणि जुनं मशीन घेताना मी तेवढंच बघतो. क्रँककेस तडकली असेल तर हात लावू नका. बाकी सगळ्याला उपाय आहे.

पार्ट शोधण्याची गुरुकिल्ली म्हणजे नंबर. स्टिलचा पार्ट नंबर चार, तीन, चार अशा आकड्यांच्या गटांत असतो. पहिले चार आकडे मॉडेलचं कूळ सांगतात: ०३८ चं कूळ १११९, एमएस १८० चं ११३०, एमएस २५० चं ११२३. मधले तीन आकडे भाग कुठला ते सांगतात: १२० म्हणजे कार्बोरेटर, ४०० म्हणजे इग्निशन, ६४० म्हणजे ऑइल पंप. आता खरी गोष्ट अशी की नंतर आलेली एमएस ३८० आणि ३८१ ही मॉडेलंही याच १११९ च्या कुळातली आहेत. म्हणून दुकानात "०३८ चा पिस्टन आहे का" विचारलं तर नाही म्हणतील. "३८० चा ५२ मिलिमीटरचा" म्हणा, कपाटातून काढून देतील. ०३८ मध्ये ४८ आणि ५० मिलिमीटर बोअरची (सिलिंडरच्या आतल्या व्यासाची) लहान भावंडंही आहेत, त्यामुळे मागणी करण्याआधी कॅलिपरने माप घ्याच.

बेअरिंग आणि ऑइल सील यांचे स्टिलचे नंबर ९ ने सुरू होतात. तो सर्वसाधारण माल. बेअरिंगवर कोरलेला नंबर वाचायचा, सीलचे आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजायची, आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जायचं. मला दोन्ही तिथेच मिळाले. बेअरिंग घेताना सी३ क्लिअरन्सचं मागा, साधं नको. इंजिन तापल्यावर त्याला फुगायला जागा लागते. वळणाचा पेट्रोल पाइप, कार्बोरेटर आणि सिलिंडरमधला रबरी बूट आणि गजन पिनच्या सर्कलिप (पिस्टनची पिन जागेवर धरणाऱ्या तारेच्या कड्या) मी ओरिजिनलच घेतल्या. या तीन वस्तूंत पैसे वाचवणं मला पटत नाही. सर्कलिप आत निसटली तर नवा सिलिंडर क्षणात चरे पडून वाया जातो.

सिलिंडरचं सविस्तर सांगतो, कारण खर्चाचा मोठा वाटा तोच. पिस्टन पकडला की बघणारे म्हणतात सिलिंडर गेला. पुष्कळदा तो गेलेला नसतो. पिस्टनचं ॲल्युमिनियम सिलिंडरच्या कडक मुलाम्यावर माखलेलं असतं, इतकंच. कापसाच्या बोळ्याने हायड्रोक्लोरिक ॲसिड फक्त त्या डागावर लावलं की फेस येऊन ॲल्युमिनियम सुटतं आणि खालचा मुलामा तसाच राहतो. हे उघड्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून करा. पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या, कडेला उघडं ॲल्युमिनियम असतं, तिथे ॲसिड पोचू देऊ नका, आणि शेवटी भरपूर पाण्याने धुऊन लगेच तेल लावा. मग नख फिरवून बघायचं. नख अडकलं तर मुलामा फाटला, सिलिंडर बदला. माझं नख अडकलं नाही. त्यामुळे सिलिंडर जुनाच ठेवून फक्त पिस्टन-रिंगा बदलल्या. इटलीचा मिटिओर पिस्टन आणि केबर रिंग मिळाल्या तर डोळे झाकून घ्या. माझ्या मशीनमध्ये त्याच आहेत आणि थंड इंजिनला १५० पीएसआय कॉम्प्रेशन येतं. त्याआधी एका विक्रेत्याकडून मागवलेला स्वस्त संच मी परत केला. रिंग एकटीच सिलिंडरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट फीलर गेजने मोजली तर ती अवाच्या सवा होती. मोजल्याशिवाय कुठलीही रिंग बसवू नका, पाकिटावर काहीही छापलेलं असो.

क्लच खोलताना बरेच जण घाम गाळतात. त्याचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर तो सुटतो. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून स्टार्टरच्या दोरीचा तुकडा आत सारायचा. त्याआधी पिस्टन एक्झॉस्टच्या पोर्टच्या वर आणून घ्या, नाहीतर दोरी पोर्टमध्ये चिमटते.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय तो मुद्दा. जुनं मशीन रेस खायला लागलं, म्हणजे ट्रिगर सोडला तरी आवाज चढाच राहिला, की हात पहिल्यांदा कार्बोरेटरच्या स्क्रूकडे जातो. तो आवरा. जुन्या मशीनमध्ये बहुतेक वेळा कुठून तरी हवा आत ओढली जात असते: कडक झालेला ऑइल सील, तडकलेला रबरी बूट, सिलिंडरखालचा गॅस्केट. हवा वाढली की पेट्रोल कमी पडतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचं तेल पेट्रोलबरोबरच येतं. तेल कमी, उष्णता जास्त, पिस्टन पुन्हा पकडतो. नवा पिस्टन घालून महिन्याभरात मशीन परत बंद पडल्याच्या ज्या कहाण्या ऐकू येतात, त्यांतल्या पुष्कळांचं कारण हेच.

तपासणी घरी होते. मफलर आणि कार्बोरेटर काढून त्या जागी सायकलच्या ट्यूबचं रबर लावून पट्टीने दाबून घट्ट करायचं, प्लगच्या भोकातून अर्धा बार म्हणजे सात पीएसआयच्या आसपास हवा भरायची आणि साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. त्यावर थांबू नका. हवेच्या दाबाने सीलचा ओठ शाफ्टवर आणखी घट्ट बसतो, म्हणून गळका सीलही या परीक्षेत पास होऊ शकतो. ब्रेकचं ऑइल ओढायच्या हातपंपाने उलटं निर्वात करून बघा. माझा फ्लायव्हीलच्या बाजूचा सील त्यातच सापडला. दोन्ही सील बदलले आणि त्यानंतरच कार्बोरेटर उघडला.

कार्बोरेटरमध्ये डायफ्रामचा, म्हणजे आतल्या पातळ लवचिक पडद्यांचा, संच बदलणं एवढंच काम होतं. जुना डायफ्राम पापडासारखा कडकडीत झाला होता. इथे पेट्रोलचाही विचार करावा लागतो. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. कोकणच्या दमट हवेत मिश्रण दीड-दोन महिने कॅनमध्ये राहिलं तर भरवसा नाही. मी लिटरभरच मिसळतो आणि संपवतो. प्रमाण स्टिलचं तेल असेल तर १:५०, साधं टू-स्ट्रोक ऑइल असेल तर १:२५, कंपनीच्याच पुस्तिकेत दिलेलं. काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, म्हणजे डायफ्रामवर पेट्रोल साचून राहत नाही. हंगामभर कार्बोरेटरला पुन्हा हात लावावा लागला नाही.

कार्बोरेटरचे लो आणि हाय (कमी आणि जास्त वेगाच्या पेट्रोलचे) स्क्रू लावताना दोन्ही एक-एक फेरा उघडे ठेवून सुरुवात करा. पूर्ण ट्रिगरवर रिकामं मशीन थोडं फडफडलं पाहिजे आणि चेन लाकडात शिरली की आवाज साफ झाला पाहिजे. रिकामं असतानाच आवाज चिरका आणि एकसारखा येत असेल तर पेट्रोल कमी पडतंय, लगेच हाय स्क्रू थोडा उघडा.

बार, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी, २० इंची, चेन ३/८ पिचची, १.६ मिलिमीटर गेजची, ७२ ड्राइव्ह लिंकची. हे तीनही आकडे बारच्या बुडाशी कोरलेले असतात, तेच दुकानात सांगा. कानस ५.२ मिलिमीटरची. आंब्याला आणि फणसाला चेन दिवसभर टिकते. माडाला मात्र धार फार लवकर जाते, खोडाचे धागे चिवट आणि किनाऱ्यावरच्या बागेत सालीत वाळू बसलेली. दर टाकीला दोन-तीन हात कानस मारली तर काम हलकं होतं. आज जगभर वापरतात त्या वळलेल्या दाताच्या चेनची कल्पना अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जो कॉक्स या लाकूडतोड्याला १९४६ मध्ये एका लाकूडपोखर अळीचे जबडे बघून सुचली. कानस धरून बसलो की त्या माणसाच्या नजरेचं मला अजूनही कौतुक वाटतं.

चेनसाठी जळकं इंजिन ऑइल वापरायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. कृपा करून नको. त्यातला गाळ पंप आणि जाळी तुंबवतो, आणि तेल चेनला धरून न राहता उडून जातं.

ब्रेकबद्दल तडजोड नाही. मशीन चालू करून, चेन फिरत असताना पुढचा हँडगार्ड ढकलला की चेन जागीच थांबली पाहिजे. माझ्या मशीनचा ब्रेकचा पट्टा एका जागी झिजून पातळ झाला होता, तो नवा आल्यावरच मी पहिलं लाकूड कापलं. बारचं टोक आडव्या फांदीला टेकून मशीन उसळलं तर साडेसहा किलोचं धूड तोंडाकडे येतं, तेव्हा हाच पट्टा वाचवतो.

तक्रारी दोन. कंप शोषणारे रबर बफर जुने आहेत आणि तासाभरात हात बधिर होतात. ते मिळतात, पुढच्या खेपेला बदलणार. वरचं प्लॅस्टिकचं झाकण मात्र मला नवं सापडलं नाही, मोडीत निघालेल्या मशीनचं लावलंय. अशी मोडीतली मशीन कुणी देत असेल तर घेऊन ठेवा, झाकणं, हँडल आणि टाक्या त्यांतूनच मिळतात.

सगळा खर्च तेवढ्याच ताकदीच्या नव्या मशीनच्या निम्म्याहून कमी आला. वर्षातून दोन फांद्या छाटणाऱ्याला एवढा खटाटोप परवडणार नाही, त्याने लहान नवं मशीन घ्यावं. बाग मोठी असेल, हाताला पाना धरायची सवय असेल, तर ०३८ शोधा. घेण्याआधी मफलर काढून पोर्टमधून पिस्टन बघायला विसरू नका. मालक काढू देत नसेल तर तो पकडलेलाच आहे असं समजून किंमत ठरवा.