माल आधी सोडायचा की अडवून धरायचा? सिम्युलेशन वापरून दहा महिने झाले, त्याचा अनुभव

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत गिअर आणि शाफ्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात मी प्लॅनिंग बघतो. कोळसा खाणींचं काम जास्त, थोडं सिमेंटवाल्यांचं, थोडं रेल्वेचं. एकाच पार्टचे हजारो नग आमच्याकडे कधीच नसतात. चार नग, दहा नग, फार तर चाळीस. बँडसॉवर कटिंग, मग सीएनसी टर्निंग (संगणकी लेथवर गोल घडवणं), हॉबिंग (गिअरचे दाते कापणं), बाहेरून हीट ट्रीटमेंट (भट्टीत तापवून कडक करणं), ग्राइंडिंग, तपासणी आणि डिस्पॅच, असा साधारण प्रवास.

गेल्या दिवाळीत आम्ही हिशोब मांडला. धातूचा बार कापल्यापासून माल गाडीत चढेपर्यंत सरासरी ३४ कामाचे दिवस लागत होते. त्यातला मशीनवरचा खरा वेळ दोन शिफ्टच्या आसपास. बाकी सगळा वेळ ट्रॉली कुठल्या तरी मशीनसमोर उभी. मालकांचं म्हणणं होतं की आणखी एक हॉबिंग मशीन घ्यावी. मी म्हटलं, पैसे घालण्याआधी प्लॅनिंगची पद्धत बदलून काय होतं ते संगणकावर कारखान्याची नक्कल चालवून, म्हणजे सिम्युलेशन करून, बघू. त्यांनी वेळ दिला, त्याबद्दल मी त्यांचा खरंच ऋणी आहे.

सॉफ्टवेअरबद्दल आधी सांगतो. सिमपाय वापरलं. ही पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची फुकट लायब्ररी आहे, साध्या लॅपटॉपवर चालते आणि आमच्या फ्लोअरचं अख्खं वर्ष मिनिटाच्या आत पळवून दाखवते. मशीन म्हणजे रिसोर्स, जॉब म्हणजे एक प्रोसेस, जॉब रांगेत लागतो, नंबर आला की वेळ घेतो, पुढे जातो. ज्याला पायथॉनचं थोडं अंग आहे त्याला दोन आठवड्यांत जमतं. त्रास दोन. शिफ्ट, सुट्टी, जेवणाची वेळ हे सगळं स्वतः लिहावं लागतं, आणि कुठली नोंद ठेवायची तेही आपणच ठरवायचं. दुसरं म्हणजे पडद्यावर हलणारं चित्र नाही, त्यामुळे मालकांना दाखवायला फक्त आकडे. चित्रासाठी जामसिम बघितलं, तेही फुकट आहे आणि त्यात ठोकळे ओढून लाइन उभी करता येते. पण आमचे जॉबचे रस्ते इतके वेगवेगळे की ते मला लिहिणंच सोपं गेलं. एनीलॉजिक या तिसऱ्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती शिकण्यापुरती आहे, धंद्याच्या कामाला ती चालत नाही, हे नव्या मुलांनी ध्यानात ठेवावं.

पहिला महिना मात्र मॉडेलमध्ये गेलाच नाही, मोजण्यात गेला. सहा महिन्यांची जुनी जॉब कार्डं घालून आमचीच चालू पद्धत मॉडेलमध्ये चालवली, तर उत्तर आलं २२ दिवस. प्रत्यक्षात ३४. मग वही घेऊन मी हॉबिंगपाशी उभा राहिलो. रूट कार्डावर, म्हणजे जॉबच्या टप्प्यांच्या कागदावर, सेटिंगचा वेळ ४५ मिनिटं. माझ्या वहीत सरासरी निघाली एक तास पन्नास मिनिटं, कारण मॉड्यूल (दात्यांचं माप) बदललं की हॉब (दाते कापणारं हत्यार) बदला, आर्बर काढा, चेंज गिअर लावा, पहिला नग काढून तपासून घ्या. त्यात अर्जंट जॉब घुसला की चालू सेटिंग मोडायची, त्याची करायची, ती मोडायची आणि पहिली पुन्हा लावायची. कार्डावर याची ओळसुद्धा नाही. हीट ट्रीटमेंटची गाडी आठवड्यातून दोनदाच जाते, हेही मॉडेलला माहीत नव्हतं. हे सगळं घातलं तेव्हा उत्तर ३३ वर आलं, आणि तिथून पुढे मी त्या मॉडेलवर विश्वास ठेवला. सुरुवातीला मॉडेलमधला कारखाना रिकामा असतो, जॉब सुसाट निघतात. म्हणून पहिल्या दोन महिन्यांचे आकडे टाकून द्यायचे. तसंच प्रत्येक पद्धतीला त्याच ऑर्डरी, तेच ब्रेकडाउन आणि त्याच गैरहजेऱ्या द्यायच्या, आणि असं तीसेक वेळा चालवायचं. नाहीतर एकाला उन्हाळा आणि दुसऱ्याला दिवाळी मिळते, आणि आपण त्याची तुलना करत बसतो.

आता मुख्य गोष्ट. आमची जुनी पद्धत ढकलण्याची: ऑर्डर आली, बार आला, की लगेच कापा आणि सोडा. तिच्यासमोर कॉनविप ठेवलं, जे मार्क स्पिअरमन, डेव्हिड वुडरफ आणि वॉलेस हॉप यांनी १९९० मध्ये मांडलं. फ्लोअरवर एकूण किती जॉब असावेत ते ठरवायचं, आणि एक बाहेर पडला तरच दुसरा आत. तिसरी पद्धत गोल्डरॅट यांची ड्रम-बफर-रोप, म्हणजे सगळ्यात अडलेल्या मशीनच्या, आमच्याकडे हॉबिंगच्या, चालीने माल सोडायचा. टोयोटाची कानबान मी फार वेळ तपासली नाही. प्रत्येक पार्टचा थोडा साठा प्रत्येक टप्प्यावर ठेवणं आमच्या शेकडो वेगळ्या पार्टांना परवडणारं नाही.

जुन्या पद्धतीत फ्लोअरवर ३१० जॉब असायचे, कॉनविपमध्ये मॉडेलला १७० जॉबची मर्यादा घातली. फ्लोअरवरचा वेळ ३३ वरून १९ दिवसांवर आला. आम्ही खूश झालो, चहा मागवला. मग मी ऑर्डर हातात आल्यापासूनचा वेळ काढला, आणि तो जिथल्या तिथे होता. जे जॉब आधी मशीनसमोर थांबत होते, ते आता माझ्या टेबलावर थांबत होते. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम हेच सांगतो: आत असलेल्या जॉबची संख्या भागिले रोज बाहेर पडणारे जॉब, म्हणजे लागणारा वेळ. रोज नऊच बाहेर पडत असतील तर मर्यादा घालून फक्त रांगेची जागा बदलते. ही पद्धत विकणारे लोक हा दुसरा आकडा सहसा दाखवत नाहीत, म्हणून हे मी मुद्दाम लिहितोय. फ्लोअरवरचा वेळ आणि ऑर्डरीपासूनचा वेळ दोन्ही मोजा.

तरीही मी मर्यादेच्याच बाजूने आहे. टेबलावर थांबलेला जॉब हा कागद असतो. त्याचा बार अजून कापलेला नाही, ड्रॉइंग बदललं तर नुकसान नाही, आणि मुख्य म्हणजे निवडता येतं. एकाच मॉड्यूलचे चार जॉब शोधून एकामागे एक सोडता येतात, म्हणजे हॉबिंगची सेटिंग वाचते. कुणाला खरंच घाई असेल तर तो जॉब आत सोडतानाच पुढे घेता येतो, चालू सेटिंग मोडावी लागत नाही. हे दोन नियम मॉडेलमध्ये घातले तेव्हा कुठे ऑर्डरीपासूनचा वेळही खाली यायला लागला. हॉबिंग आधी ९५ टक्के भरलेली होती, ती ९० वर आली. पाच टक्क्यांनी काय होतं असं वाटेल, पण रांगेचा वेळ भरलेला भाग भागिले रिकामा भाग या प्रमाणात वाढतो. ८० टक्क्यांना ४, ९० ला ९, ९५ ला १९. म्हणजे तेवढ्या पाच टक्क्यांत रांग निम्म्याहून कमी.

दुसरा मोठा फायदा मला अपेक्षितच नव्हता. चाळीस नगांची बॅच टर्निंगला नगाला बारा मिनिटं धरून आठ तास घेते, आणि पहिला नग तोवर ट्रॉलीत पडून. सेटिंग तीच ठेवून दहा-दहा नग पुढे सरकवले तर दोन तासांत पुढची मशीन सुरू होते. कॉनविप की ड्रम-बफर-रोप, या वादात जितका फरक होता त्यापेक्षा जास्त फरक या एका गोष्टीने पडला. शेवटी आम्ही ड्रम-बफर-रोप घेतलं, पण दोघांत फरक थोडाच होता. आमच्याकडे अडणारी मशीन एकच आणि ठरलेली आहे म्हणून ते बसलं. जिथे अडणारी जागा दर आठवड्याला बदलते तिथे मी कॉनविप सुचवीन.

फेब्रुवारीत फ्लोअरवर लागू केलं. पत्र्याची टोकनं कापून बोर्डावर टांगली. टोकन नाही तर बार कापायचा नाही. तिसऱ्याच दिवशी एक सीएनसी अर्धी शिफ्ट उभी राहिली. आमचे फोरमन काका तीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मशीन उभी ठेवाची म्हणता का भाऊ? पोरं काय म्हणतीन?" त्यांचा आवाज दुखावलेला होता. मी त्यांना हॉबिंगपाशी घेऊन गेलो. तेवीस ट्रॉल्या होत्या, प्रत्येकीवर खडूने तारीख. काका एकेक वाचत गेले. भिंतीकडच्या ट्रॉलीवरची धूळ त्यांनी हाताने पुसली, आणि म्हणाले, "हे तं दसऱ्यापासून इथंच हाय." त्यानंतर रिकाम्या वेळात टर्निंगची दोन पोरं हॉबिंगच्या पुढच्या सेटिंगची तयारी करू लागली, ही सोय काकांनीच लावली. मॉडेलमध्ये ती नव्हती.

मॉडेलने ऑर्डरीपासून २४ दिवस सांगितले होते. आज आम्ही २७ वर आहोत, त्यातले फ्लोअरवर १८. मे महिन्यात उन्हाने कंट्रोल पॅनल वारंवार ट्रिप झाले, आणि पोळ्याला निम्मी पोरं गावी गेली ती मारबत (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची नागपूरची मिरवणूक) झाल्यावरच परतली. दोन्ही गोष्टी दरवर्षीच्या आहेत, मॉडेलमध्ये मी त्या वर्षभर सारख्या वाटून टाकल्या होत्या. ही माझी चूक होती. आता महिन्यानुसार घातल्या आहेत.

एक तक्रार राहिली. हीट ट्रीटमेंटवाल्याकडचा वेळ अजून आमच्या हातात नाही. त्यांची भट्टी भरेपर्यंत आमचा माल थांबतो, कधी दोन दिवस, कधी सहा. गाडी दोनऐवजी तीनदा पाठवून बघितलं, मॉडेलमध्ये दीड दिवस वाचतो. पुढच्या महिन्यापासून प्रत्यक्षात करून बघणार आहोत. नव्या हॉबिंग मशीनचं कोटेशन मालकांच्या ड्रॉवरमध्ये आहे, अजून बाहेर आलेलं नाही.